हार घातलेला ड्रायर

भेस्तान, सुरत
२ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप ललितदादास, धाकट्या धनश्रीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळी माणसं सुखरूप आहेत, आजारी आहे तो फक्त ड्रायर. वहिनीची कंबर आता कशी आहे? तुझं मोटार वाइंडिंगचं दुकान जोरात चालू असेल. (हे पत्र मामंजींना वाचून दाखवल्यावरच चिकटवायचं आहे, म्हणून अक्षर जरा जास्तच सुवाच्य आहे.)

मामंजींनी गल्लीत सगळ्यांच्या आधी वॉशिंग मशीन आणलं, हे तुला ठाऊक आहेच. एका बाजूला कपडे धुवायचे आणि शेजारच्या गरगर फिरणाऱ्या पिंपात टाकून पिळून घ्यायचे, त्या पिंपाला आम्ही ड्रायर म्हणतो. सुनेचे कष्ट वाचावेत एवढाच त्यांचा हेतू. पण मन इतकं मोठं की मशीन दारात उतरताच त्यांनी सगळ्या भाऊबंदांना सांगून टाकलं, धुणं आमच्याकडे पाठवत जा. तेव्हापासून चुलत सासऱ्यांच्या चादरी, आतेसासूबाईंची लुगडी, झालंच तर मावससासूबाईंच्या गोधड्यासुद्धा रोज सकाळी येऊ लागल्या. (गोधडी मशीनमध्ये मावत नाही. ती मी हातानेच धुते.) माझे कष्ट असे वाचू लागल्यामुळे सकाळचा टायपिंगचा क्लास बुडू लागला. डिसेंबरात परीक्षा आहे आणि पास झाले तर क्लासच्या बाई इथे जवळच उधन्यात नोकरीला चिकटवणार आहेत, पण म्हणून घरच्या मशीनचा मान कमी करून कसं चालेल?

दसऱ्याला मामंजींनी मशीनची यथासांग पूजा केली. सारी उमर लूमवर काढलेला माणूस, यंत्राचा मान त्यांनी नाही राखायचा तर कोणी? झेंडूचा घसघशीत हार केला आणि ओवायला खात्यातला, म्हणजे त्यांच्या लूमच्या कारखान्यातला, पॉलिस्टरचा धागा वापरला. त्यांच्या खात्याचा नियम असा की दसऱ्याचा हार आपणहून गळून पडेपर्यंत त्याला कोणी बोट लावायचं नाही. लूम इतका थरथरतो की चार दिवसांत हार खाली येतो. आमचा हार मात्र अजून जागेवर आहे. फुलं वाळून काळी पडली, धागा नवाकोरा आहे. आणि पूजेच्या दुसऱ्याच दिवशी ड्रायर फिरायचा बंद झाला.

मग मामंजींनी आपला सगळा अनुभव पणाला लावला. आधी तेल घातलं, कारण अडलेल्या यंत्राला तेल लागतं. मग आणखी तेल घातलं. (माझ्या पिवळ्या साडीला त्या अनुभवाचे डाग अजून आहेत.) त्यांचे मित्र निंबाकाका, खात्यातले जुने मुकादम, पान्याचं एक टोक मशीनला आणि दुसरं कानाला लावून बराच वेळ ऐकत बसले. बंद मशीनमधून त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे, पण निदान ठाम होतं, ताण चुकला. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. मागचा पत्रा खोलला तेव्हा आत आमच्या ह्यांचा हरवलेला हातरुमाल सापडला. तो काढूनही काही फरक पडला नाही. एवढी उलथापालथ झाली, पण हाराला कोणाचा धक्का लागला नाही, हे विशेष.

शेवटी गल्लीतल्या बायका हसल्या, मशीन दारात आणि सून नळावर पिळतेय म्हणून. ते मामंजींच्या फार जिव्हारी लागलं. भर गल्लीत म्हणाले, “जवलोंग मशीन चालू व्हत नही, तवलोंग मनी सून कपडा पिळाव नही!” शब्दाचा माणूस! तेव्हापासून पहाटे मामंजी चादरीचं एक टोक धरतात, आमचे हे खात्यात लूमवर जाण्याआधी दुसरं, आणि दोघं विरुद्ध दिशांना पिळतात. भाऊबंदांची धुणी आपोआप थांबली. मला मेलीला काही कामच उरलं नाही, म्हणून नाइलाजाने रोज क्लासला जाते. त्यांचे हाल बघवत नाहीत. तरी तू हातातलं काम टाकून लगेच ये.

तुझी,
धनश्री

ता. क. मामंजी सांगतात, येताना मीटर आण आणि मोठा पाना आण.

ता. क. २. पत्र वाचून झालं. “अनुभव पणाला लावला” हे मामंजींनी दोनदा वाचायला लावलं, फार खूष आहेत. आता खरं लिहिते, क्लासला जाताना पेटीत मीच टाकणार आहे. दादा, येऊ नकोस! ड्रायरला काहीही झालेलं नाही. हार झाकणाच्या बिजागरीत अडकलाय, झाकण बोटभर वर राहतं, आणि झाकण पुरतं बसल्याशिवाय ड्रायर फिरत नाही. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं. मशीन फिरेल तेव्हा हार पडेल, आणि हार पडेल तेव्हा मशीन फिरेल. माझी परीक्षा होईपर्यंत हे असंच राहू दे. आलासच तर मान हलव आणि पार्ट मिळत नाही म्हण.

ता. क. ३. काल संध्याकाळी हाराची गाठ सुटत आली होती. आज सकाळी बघते तर तिथे नवी गाठ. तुटलेला धागा जोडायची खात्यातली बारीक गाठ, मामंजींच्या डोळ्यांना आता ती जमत नाही. घरात ती आणखी एकाच माणसाला येते. आमचे हे चादरींची बादली उचलून नळावर गेले.