जावईबापूंचा बिनकाट्याचा निवडुंग

घमापूर, जबलपूर
१२ डिसेंबर १९७१

श्रीयुत रत्नाकरराव यांस नीलकंठचा नमस्कार,

तुमची आणि आमच्या प्रतिमाताईची तब्येत ठीक असेल असे धरून चालतो. आम्ही इथे मजेत आहोत. म्हणजे मी कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी करतो आणि आई रेडिओजवळ बसून आमच्या धाकट्या अच्युतच्या पलटणीचे नाव येण्याची वाट पाहते. (येत नाही. तेच बरे, असे मी तिला रोज सांगतो.)

आता तुमच्या निवडुंगाबद्दल. अलाहाबादच्या परिषदेला जाताना तुम्ही कॉलेजातल्या प्रयोगाची ही कुंडी आमच्याकडे ठेवलीत आणि जेवता जेवता समजावलेत, की याला काटे नसतात, कारण अंगातले कडू रसायन हेच त्याचे संरक्षण. ते मेस्कलीन वरच्या हिरव्या गड्ड्यात असते, खाली गाजरासारखे मूळ जाते, आणि खाणाऱ्याला आधी ओकारी होते, मग नसलेले रंग दिसतात. एवढे मी ऐकले. आईने एकच ऐकले: मेक्सिकोतले काही लोक याला देव मानतात. जावयाचा शब्द आमच्या घरात कोणी खाली पडू देत नाही. अच्युत सरहद्दीवर गेल्याचे पत्र आले त्याच दिवशी कुंडी देवघरात गेली आणि त्याच्यासाठी रोज एक तांब्या अभिषेक सुरू झाला.

मी म्हटले, "आई, नशेचं झाड आहे ते!"

"काहून ओरडून राहिला रे? काटा नाही, पान नाही, अंगावर पांढऱ्या जटा. देव नाही तर काय भेंडी आहे?"

पुढे कुंडीखाली झिरपलेले पाणी तीर्थ म्हणून वाटले जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी शेजारचे बळीराम दारात उभे. "भैया, तीर्थ घेतल्यापासून मला सगळं हिरवं दिसून राहिलं जी!" मी त्यांना हाताला धरून आत घेतले. त्यांना बसवले, सरबत दिले, नाडी पाहिली (मला नाडीतले काही कळत नाही). अर्ध्या तासाने ध्यानात आले, की बळीराम कारखान्याच्या रंगखात्यात आहेत, आठवडाभर फौजी ट्रक हिरवे करत आहेत आणि त्यांनी चष्मा पुसलेला नाही.

हसू नका, कारण पुढचे वाईट आहे. काल मी गड्ड्याला बोट लावले, तर ते पिकल्या चिकूत जावे तसे आत गेले. मूळ कुजले आहे. थंडीत याला पाणी नको, असे तुम्ही तीनदा बजावले होते, अपराध माझा. पण तुमच्या प्रयोगाहून मला आईची काळजी आहे. हा गड्डा कोसळला, की ती रेडिओ सोडून दाराशी बसेल, तारवाल्याची सायकल ऐकत.

तुमचा,
नीलकंठ

ता. क. तुमच्या कॉलेजात याचा जोड असल्यास, एवढ्याच आकाराचा, कोणाबरोबर तरी लगेच पाठवावा. आई भाजी आणायला गेली की मी बदलून ठेवीन. तिला कळता कामा नये.

ता. क. जावईबापूंना आशीर्वाद. नीलकंठ पाकीट चिकटवायला मला देऊन पाळीवर गेला. वाचू नको म्हणाला, म्हणून वाचलं. देव सोमवारीच मऊ पडला, मला माहीत आहे. पण मी पाणी घालणं थांबवलं असतं, तर मी आस सोडली असं वाटून भावाच्या काळजीनं हा जेवला नसता. तुम्ही दुसरा पाठवा. तो बदलून ठेवील, मी पाहिलंच नाही असं करीन. फक्त पाणी किती घालायचं, ते मला वेगळ्या कार्डावर कळवा. त्याला कळता कामा नये.