वाळूची पेटी आणि बंद लिफ्ट

३ फेब्रुवारी, सोमवार

लिफ्ट बंद! आठवडाभर लागेल म्हणे. चार मजले चढून प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा तोंडातून नुसते विसर्ग बाहेर पडत होते. शंकेश्वरी आधीच वर हजर. (माझी पीएचडीची विद्यार्थिनी. शंका फार काढते, म्हणून हे नाव मी मनातल्या मनात ठेवलंय.) "सर, पाणी देऊ?" चेहऱ्यावर दया. पाणी चाललं असतं, दया नको होती.

दादाला फोनवर सांगितलं तर खो खो हसला. "लिफ्टवाल्यालाच जिने!" इंजिनिअर झाल्यावर पहिली तीन वर्षं मी लिफ्टच्या कंपनीत काढली, मग नोकरी सोडून ग्रहांच्या मागे लागलो. त्याला पंचवीस वर्षं झाली. दादाच्या लेखी मी अजून लिफ्टवालाच.

५ फेब्रुवारी

नेहमीप्रमाणे वाळूच्या पेटीत पोलादी गोळी टाकली. सुरेख खड्डा पडला. आता दोन-तीन तासांत त्याचे कडे ढासळायला हवेत. मी अभ्यासतो त्या दूरच्या ग्रहाच्या चंद्रावरच्या खड्ड्यांचे तसेच ढासळलेले दिसतात — आणि बाहेरून कसलाही धक्का न लागता, निव्वळ कणांच्या आकारामुळे ढासळतात, हा माझा सिद्धान्त. त्याच्यावर ही प्राध्यापकाची खुर्ची मिळाली. अकरा वर्षं तोच शिकवतोय.

आज ढासळले नाहीत.

६ फेब्रुवारी

आजही नाहीत. वाळू चाळली, वाळवली, पुन्हा भरली. "रुसली असेल," बायको म्हणाली. "जरा गोड बोलून बघा. जमलं तर."

७ फेब्रुवारी

शंकेश्वरी भिंतीला टेकून उभी. पेटीही त्याच भिंतीला टेकलेली.

"सर, या भिंतीपलीकडे काय आहे?"

लिफ्ट!

लिफ्ट वर-खाली झाली की भिंती किती थरथरतात, हे लोकांना समजावून सांगण्याचा मला तीन वर्षं पगार मिळत होता. धुरावरून अग्नी ओळखायला संस्कृतच्या गुरुजींनी शिकवलं. मी अग्नीला पाठ लावून बसलो आणि धुराचं कारण आकाशात शोधलं!

"मी कुणाला बोलले नाहीये, सर," ती हळूच म्हणाली.

हेच जास्त लागलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

लिफ्ट सुरू झाली. अडीच तासांत कडे खाली! शंकेला जागा उरली नाही.

संपादकांना पत्र लिहिलं — शोधनिबंध मागे घेतो. बायकोने वाचून पाहिलं. "विशेषणं काढा. चूक झाली, एवढंच लिहा." काढली. दोन पानांच्या तीन ओळी उरल्या. पाठवून दिलं. उद्या वर्गात काय सांगायचं?

११ फेब्रुवारी

वर्गात जायला निघालो, तर शंकेश्वरी दारातच. हातात त्या चंद्राचा फोटो. शेकडो खड्डे, सगळ्यांचे कडे ढासळलेले.

"सर, धक्क्याशिवाय ढासळत नाहीत, हे तर ठरलं. मग इथे लिफ्ट कुठली?"

दादाला फोन लावला. "लिफ्टवाला बोलतोय," म्हटलं.