तिसरी पिन

आई, काल आपल्या अंगणात गाडी चार्ज करायचं मशीन बसवलं. मी विजेवरची गाडी घेतली आहे, रोज मुरबाडला कामाला जावं लागतं. वीज मात्र अजून तशीच जाते, सापगावच्या बाजूला जरा वारा सुटला की आपल्याकडची गेलीच म्हणून समज. त्यामुळे सोबत दोन मोठ्या बॅटऱ्याही घेतल्या, आणि त्या लावायला कोरडी, सावलीतली भिंत हवी म्हणून मोरीची भिंत निवडली. मोरी आता मोरी राहिलेली नाही, फरशी घालून तिथे आम्ही सामान ठेवतो. भिंतीला भोकं पाडत होते तेव्हा मला काहीतरी वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. मी खाली पडलेला चुना झाडूनं गोळा करत होतो.

त्याच मोरीत तू गेलीस, पाण्याच्या मोटारीचा शॉक लागून. बाबा बावीस वर्षं एकच सांगत आलेत, वल्ल्या हातानं मोटारीला लागली, किती वेळा सांगितलं होतं. येईल त्याला सांगतात. सून घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिलाही सांगितलं. त्यात तुझ्यावरचा राग आहे, तो अजून निवलेला नाही. मी दर वेळी मान खाली घालून ऐकतो, आणि लोकांना वाटतं की मला तुझी आठवण येते आहे.

मोटार नवी आणली तो दिवस मला लख्ख दिसतो. मी आयटीआयच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि तू शेजारणींना सांगत सुटली आहेस की आता आमच्याकडं वायरमन बोलवायची गरज नाय. म्हशाच्या जत्रेतून माझ्यासाठी लाल मुठीची पक्कड आणली आहेस, माझ्या हाताला जरा मोठीच. मोटारीच्या प्लगला तीन पिना, आणि मोरीतल्या बोर्डावर भोकं दोनच. स्वयंपाकघरातून अर्थिंगची वायर ओढायला फार तर अर्धा तास लागला असता, पण मला क्रिकेटला जायचं होतं. मी पकडीनं वरची जाड, अर्थिंगची पिन धरली. तू दारातून म्हणालीस, "मोडू नको रे. कायच कामाची नाय तं तिसरी दिलीय कशाला?" मी हसलो, म्हणालो, शोभेला, आणि पिन मोडून टाकली. वर्गात त्याच महिन्यात अर्थिंग शिकवून झालं होतं. तू दोन वर्षं त्या मोटारीनं हंडे भरलेस. तू गेल्यावर मी तो प्लग काढून नदीत टाकला.

काल मशीन बसवायला आलेला माणूस कल्याणचा होता. त्यानं आधी अंगणात खोल खड्डा घेतला, तांब्याचा रॉड पुरला, वर काळी पावडर ओतली. बाबा खुर्ची टाकून शेजारीच बसले होते. एवढं खणायचं कशाला, म्हणून कुरकुरत होते. तो म्हणाला, अर्थिंग चांगली नसेल तर हे मशीन चालूच होत नाही. मग बाबांनी त्यालाही तुझी गोष्ट सांगितली, वल्ल्या हातासकट. त्यानं काम न थांबवता उत्तर दिलं, "बाबा, हात ओला असला तरी अर्थिंग असेल तर फ्यूज उडतो. माणूस सहसा वाचतो."

बाबांनी काठीवर पुढे वाकून खड्ड्यात पाहिलं. त्यांना ऐकू कमी येतं, पण हे सगळं ऐकू आलं होतं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आपल्या मोटारीला होती का रे अर्थिंग?"

एवढंच, आई. नव्हती म्हणालो असतो तर बावीस वर्षांचा तुझ्यावरचा ठपका तिथल्या तिथे पुसला गेला असता. त्यांचं वय झालंय, असा प्रश्न ते पुन्हा विचारतील असं वाटत नाही. माझ्या तोंडात शब्द तयार होता.

मी म्हणालो, "होती."

"मग तिचंच चुकलं," बाबा म्हणाले आणि काठी घेऊन आत गेले.

मला हलकं वाटलं, आई. हा कागद त्यांच्या हाती लागायला नको, म्हणून आता फाडून टाकतो.