नानांची व्हॅन उचला

सोमवार, १० नोव्हेंबर

नानांनी आज व्हॅन गेटच्या खांबाला घासली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून खांब तिथेच आहे!

डॉक्टरांनी दिवाळीआधीच सांगितलं — काचबिंदू वाढलाय, कडेचं दिसत नाही, गाडी बंद. नाना मान डोलावून उठले आणि त्याच पावली व्हॅन चालवत मला घरी घेऊन आले. मी शेजारी बसून रामरक्षा म्हणत होते.

महेशला म्हटलं, वडील तुझे, तू सांग. तर म्हणे, मळ्यातली फुलं बाजारात नेणं थांबलं तर नाना अंथरूण धरतील. आणि मी सून, मी सासऱ्यांना कसं सांगू? एखाद्याला उडवलं म्हणजे सगळ्यांनाच वाचा फुटेल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तेजूला नानांनी आज शाळेत सोडलं नाही. म्हणाले, शेवंतीच्या वासानं पोरीला शिंका येतात. जन्मापासून फुलांत वाढलेली पोर, कधी शिंकली? मी वाद घातला नाही. स्कूटीवर सोडून आले. निदान माझी लेक तरी त्या व्हॅनमधून उतरली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सुचलं! नाना रोज फूलबाजारासमोर ‘नो पार्किंग’च्या पाटीखालीच व्हॅन लावतात. अगदी पाटीला खेटून. मी वाहतूक पोलिसांना फोन केला — सख्ख्या सासऱ्यांच्या गाडीची तक्रार! नाव विचारलं तर माहेरचं सांगितलं.

एकदा नेली की म्हणेन, राहू दे तिकडेच, जुनी झाली. फुलं रिक्षावाल्याकडे देऊ. कुणालाच काही बोलावं लागणार नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कोणी फिरकलं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज स्वतः बाजारात जाऊन उभी राहिले. टोइंगवाले आले. स्कूटर उचलल्या, एक बुलेट उचलली, व्हॅनला हातसुद्धा लावला नाही! सोबतच्या हवालदारांना विचारलं. “चारचाकीची क्रेन वेगळी असते ताई. आली तर येईल.” कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

नाना तिथेच गिऱ्हाईकाला हार मोजून देत होते. मी त्यांच्या डाव्या अंगाला, हात पुढे केला तर लागेल इतक्या जवळ. त्यांना मी दिसलेच नाही. घरी येऊन न्हाणीघरात रडले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नुसतं चलन आलं, तेही महेशच्या मोबाइलवर. त्याने गुपचूप भरून टाकलं. नानांना कळूही दिलं नाही. धन्य!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

उचलली!

नाना दुपारी रिक्षाने आले, फुलांची रिकामी पाटी मांडीवर घेऊन. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. तर पाणी मागितलं, “गाडी नेली त्यांनी,” एवढंच म्हणाले आणि पाय धुऊन जेवायला बसले. एक भाकरी जास्तच खाल्ली. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

ठरवलेलं बोलायला तोंड उघडलं, तोच गेटात हॉर्न. महेश! बाजारातून कोणीतरी कळवलं म्हणून ऑफिसातून निघाला, दंड भरला आणि व्हॅन सोडवून घेऊन आला. वर वाटेत धुऊनही घेतली. नानांच्या हातात किल्ली ठेवली तेव्हा काय आनंदात होता! त्याला काय बोलणार? बापासाठीच केलं ना त्याने.

नाना किल्ली धरून नुसते बसून राहिले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पहाटे मी व्हॅनमध्ये फुलांच्या पाट्या ठेवत होते. नाना जवळ आले, चाचपडत माझा हात धरला आणि किल्ली त्यात ठेवली. “दिसत नाय गं मला. महिना झाला, त्या पाटीखालीच लावतोय, कधी तरी उचलून नेतील म्हणून. आता महेशला तूच सांग. माझ्यानं नाय बोलवत.”