आणतो जी

आई, आज पुन्हा तुझी चटणी केली. तू म्हणशील, माझी कुठली, ती तर शेजारच्या तेलुगू काकूंची. खरंच आहे. वणीला खाणीच्या क्वार्टरमध्ये त्यांची आणि आपली भिंत एकच होती. त्या शेंगदाण्याला 'पल्ली' म्हणाल्या तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसलीस. "हे तं आपलीच फल्ली हाये वं बाई!" आपली चटणी म्हणजे तिखट-लसूण घालून कोरडी कुटलेली. त्यांची ओली, सैलसर, वरून मोहरी, उडदाची डाळ आणि कढीपत्त्याची फोडणी. बाबा पहिल्या पाळीला निघताना इडली नावाला खायचे आणि चटणी वाटी पुसून.

बाबांच्या लक्षात आता फार थोडं उरलंय. मला ते 'मॅडम' म्हणतात, दवाखान्यातल्या बाईंना म्हणावं तसं. उन्हाळ्यापासून जेवण टाकलंय. डॉक्टर म्हणाले, आवडेल ते द्या, पण पोटात काही जाऊ द्या. म्हणून ही चटणी. मोबाइलवर बघून केली. दाणे मंद आचेवर भाजले, सालं पाखडली, हिरव्या मिरच्या परतल्या, चिंच भिजवून घातली. बाबांनी बोट लावून चाखलं आणि ताट सरकवलं. "हे तिच्या हातचं नोहे." दुसऱ्या दिवशी लसूण वाढवून पाहिला, मग मिरची बदलली. ताट सरकतच राहिलं. पोटची पोर विसरले, पण बायकोचा हात विसरले नाहीत. मला रडूही आलं आणि तुझा रागही आला. गेलीस ती चव घेऊन गेलीस.

मग परवा बाजारात एक म्हातारी अंबाडीची वाळलेली लाल फुलं घेऊन बसली होती आणि मी रस्त्यातच थांबले. काकू भिंतीपलीकडून ओरडून ओरडून थकायच्या, "अरे, इमली डालो ना!" आणि तू राळेगावहून, माहेरून आलेली फुलं भिजत घालायचीस. "घरचं आंबट असताना इकत कायले आनू?" म्हणजे बाबांना जन्मभर आवडली ती काकूंची चटणी नव्हतीच. तुझ्या हट्टानं बिघडलेली होती.

काल ती फुलं भिजवून वाटली. मिक्सरचं भांडं विसळून ते पाणीही तुझ्यासारखं चटणीतच ओतलं. फोडणी चरचरली आणि बाहेरच्या खोलीतून हाक आली, "अवं, झाली का चटनी?" कित्येक महिन्यांत त्यांनी कुणाला हाक मारलेली नव्हती. माझ्या जिभेवर 'हो बाबा, आणते' होतं. तुला आठवतं, मी कॉलेजात जायला लागल्यावर तुझी बोली सुधारायला निघाले होते? बाईमाणूस असून 'आणतो' काय म्हणतेस, 'आणते' म्हण. तू माझ्यासमोर तसं म्हणायचीस आणि मी वळले की पुन्हा बाबांना तेच, 'आणतो जी'. काल स्वयंपाकघरातून उत्तर गेलं, "आणतो जी." आवाज माझ्याच गळ्यातला होता, पण तो मी काढला असं मला शपथेवर सांगता येणार नाही.

कालचं ते अजून डोळ्यांसमोर आहे. बाबा जेवतायत. वाटी बोटानं पुसतायत. मी त्यांच्यासमोर चटईवर बसलेय, पदराचं टोक घट्ट धरून. मध्येच ते मान वर करतात, माझ्या खांद्यावरून मागे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतात आणि हसतात. इतकं ओळखीचं हसू मी या वर्षात पाहिलेलं नाही. "तू बी बस ना वं," ते म्हणतात, "उभी काहून हायेस?"

मी तर बसलेलीच होते, आई.

हे पत्र पाठवायचं कुठे, ते मला ठाऊक नाही. घडी करून फुलांच्या डब्याखाली ठेवीन. आजही चटणी केली, आजही हाक आली, आजही ते जेवले आणि दाराकडे बघून हसले. मी मागे वळून पाहिलं नाही. तुला वाटेल घाबरली. घाबरले मी, पण तुला नाही. वळले आणि दारात कोणी नसलं, तर उद्या चटणी वाटायला मी एकटीच उरेन, याला घाबरले.