वघईच्या पुढचा घाट

बाबा, आज सापुताऱ्याचा घाट मी चढले. गाडी मी चालवली असं मात्र म्हणवत नाही, कारण गिअर तिचे तीच टाकत होती आणि माझा डावा पाय खाली पाहुण्यासारखा नुसता बसून होता. तुम्ही असतात तर हसला असतात. हसा खुशाल. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही, आणि आज तो काढल्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागणार नाही. गाडीतल्याच टेबलावर लिहिते आहे. ही साधी गाडी नव्हे, चाकांवरचं घर आहे. मागे पलंग, छोटा ओटा, कपाटात डबे, खिडकीपाशी ह्यांची खुर्ची. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी हौसेने घेतली. हे आयुष्यभर स्कूटरवर फिरले, चारचाकी शिकलेच नाहीत. त्यामुळे हे घर हाकायचं काम माझ्याकडे.

हाकायला शिकवलं तुम्हीच. रविवारी मकरपुऱ्याचे कारखाने बंद असायचे, मोठे रस्ते ओस पडलेले असायचे, आणि आपली जुनी पांढरी गाडी, जिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच होता, घेऊन आपण तिथे जायचो. माझा पाय क्लचपर्यंत पुरेना. तुम्ही मला वाडीतल्या मोच्याकडे नेलंत आणि माझ्या डाव्या चपलेच्या तळाला टायरचा जाड तुकडा ठोकून घेतलात. मोची दोन्ही चपला हातात घेऊन विचारतो, "एकज?" तुम्ही म्हणता, "एकज. जमणा पगे तो पहोंचे छे." उजवा पाय पुरतोच म्हणे! मग मी त्या वाडीतून एक पाय उंच, एक पाय खाली अशी लंगडत घरी येते, बायका ओट्यावरून बघतात, आणि मला त्या लंगडण्याचा असा काही अभिमान वाटतो की सोय नाही. मला तुम्ही दिलेल्या वस्तूंत तेवढी एकच वस्तू फक्त माझ्यासाठी केलेली होती.

आणि तुमचं ओरडणं! "क्लच म्हणजे पायपुसणं आहे का? उचल पाय!" चढावर गाडी धरायला शिकवताना तुम्ही काय केलंत, आठवतं? पुलाच्या चढावर गाडी थांबवायला लावलीत, खाली उतरलात आणि मागच्या चाकाला लागून तुमचा जेवणाचा स्टीलचा डबा ठेवलात. "चेपलास तर उद्या मी ऑफिसात उपाशी." मी अर्ध्या क्लचवर गाडी अशी पेलली की डब्याला ओरखडासुद्धा आला नाही. तुम्ही डबा उचलून झटकलात, शेजारी येऊन बसलात आणि म्हणालात, "चल." शाबासकी वगैरे नाही. पण त्या रात्री आईला सांगत होतात, ते मी ऐकलं होतं.

मग वघईचं काय ते सांगा. दर मे महिन्यात आपण मावशीकडे नाशिकला निघायचो. सपाट रस्त्याला गाडी माझ्या हातात. वघई आली, घाट समोर दिसू लागला, की चहासाठी थांबायचं. चहा संपला की तुम्ही फिरून येऊन माझ्या सीटवर बसायचात. "घाट मी चढवू?" असं मी दरवर्षी विचारायचे आणि तुम्ही दरवर्षी म्हणायचात, "पुढच्या वर्षी." एक वर्ष असं आलं की धाकट्याला लायसन्स मिळालं. वघईला मी कप ठेवून वळले, तर तो स्टिअरिंगवर आणि तुम्ही त्याच्या शेजारी. घाटात त्याने गाडी बंद पाडली. पुन्हा पाडली. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते आणि तुम्ही त्याला, माझ्यावर खेकसणारे तुम्ही, म्हणत होतात, "होतं असं. धीमे धीमे." मी मागे आईजवळ खाकऱ्याचा डबा मांडीवर घेऊन.

घरी परतल्यावर स्वयंपाकघरात मी तुम्हाला गाठलं. आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही मोरीत हात धूत होतात. मी विचारलं, "मला का नाही?" तुम्ही टॉवेलला हात पुसत अगदी शांतपणे म्हणालात, "तुला येतं गं. त्याला यायला हवं." आईची थाप क्षणभर थांबली, पुन्हा सुरू झाली. बाबा, हा कुठला न्याय? ज्याला येतं त्याने मागे बसायचं? मी त्या वाक्याला तेव्हा उत्तर शोधलं, लग्नानंतर शोधलं, आज घाटातही शोधत होते. आणि तुमच्या शेवटच्या आजारात वघईचा विषय काढायचा नसतो, एवढी अक्कल मला होती.

म्हणून हे घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी ह्यांना निक्षून सांगितलं, क्लचवालीच घेणार आणि पहिला सापुतारा. मकरपुऱ्यातच एक जण व्हॅनच्या आत घर बांधून देतो. त्याच्याकडे दोन तयार होत्या, एक क्लचची, एक ऑटोमॅटिक. क्लचची घेऊन मी पुलाच्या चढावर गेले, मुद्दाम थांबले, आणि अर्ध्या क्लचवर एवढं धूड पेलताना डाव्या गुडघ्यातून अशी कळ आली की पाय सुटला. घर मागे घरंगळलं. मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ माजी! गाडी पाछळ आवे छे!" माजी, म्हणजे आजीबाई, म्हणाला मला. कसाबसा ब्रेक दाबला. अकोट्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल आधीच बजावलं होतं, मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. परत गेलो तर तो बांधणारा हसून म्हणतो, "बेन, ऑटोमेटिक लई लो ने. पगने आराम." मला त्याचा आराम त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला. पण घेतली. दुसरा इलाज नव्हता.

पाय ऐकेल तर ना! घेतली त्याच आठवड्यात सिग्नल लागला, डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला आणि तिथे सापडला रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी ठप्प. मागच्या कपाटाचं दार उघडून पोह्यांचा डबा ह्यांच्या डोक्यावर. हे केसांतून पोहे वेचत म्हणाले, "आपण पोहोचलो का?" मी हसले नाही. तेव्हापासून मी तो पाय आखडून सीटखाली ओढून बसते. ज्या पायासाठी तुम्ही चप्पल करून घेतलीत, त्याला आता घरी बसवलंय.

आणि आज घाट. इतकी वर्षं ज्याच्यावर डोळा ठेवून होते तो घाट मला मिळाला, आणि क्लच गेलेला. वळणावर मला दुसरा गिअर हवा तर हिला तिसरा. मी चिडून म्हणाले, "अगं, विचारशील की नाही?" खरं तर हे वाक्य मला तुम्हालाच म्हणायचं होतं. एका खड्या चढावर मुद्दाम थांबले. गाडी तसूभर मागे आली नाही. तुमचा डबा मागे असता तर शाबूत राहिला असता, पण त्यात माझं काय? वर पोहोचल्यावर ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं असा त्यांचा समज आहे. राहू दे.

हे पत्र संध्याकाळी फाडून टाकणार आहे, पण एक गोष्ट आधी सांगते. वघईला आम्ही चहाला थांबलो. हे म्हणाले, "उतर, पाय मोकळे कर. गुडघा आखडेल." मी म्हटलं, "नको, दुखतोय. चहा इथेच आणा." ते बिचारे दोन ग्लास सांभाळत आले, आणि मी स्टिअरिंगवर एक हात ठेवून चहा प्यायले. गुडघा मुळीच दुखत नव्हता, बाबा. गाडीत दुसरं कुणी चालवणारं नाही, हेही मला माहीत होतं. तरी माझी उतरायची हिंमत झाली नाही.