नाक्यावर धरलेली तपकिरीची कुपी

प्रिय दुल्मा हिस,

सप्रेम आठवण. बात्सुख आणि मी सीमा ओलांडून एरलियानला सुखरूप पोहोचलो आहोत, हे प्रथम कळवतो; म्हणजे पुढचे तू निर्धास्तपणे वाचशील.

नाक्यावरच्या तरुण चिनी अधिकाऱ्याने प्रश्नांची सरबत्ती केली. आपली मंगोल भाषा तो फार अशुद्ध बोलत होता, तरी मी एकही चूक सुधारली नाही. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलो आहे, हे त्याला पटेना. परत पाठवले असते, तर उद्याची पाळी हुकली असती. तेव्हा घरी पाहुण्यापुढे धरतो, तशी मी त्याच्यापुढे तपकिरीची कुपी धरली.

"पूड कसली ही? लाच देता?" तो ओरडला.

"बाबा, आत ठेवा ती!" आपले चिरंजीव पुटपुटले. "नाहीतर दोघांनाही आत ठेवतील."

एवढ्यात त्याचे साहेब आले. ते तिथलेच मंगोल. त्यांनी कुपीसाठी डावा हात पुढे केला.

"उजवा, साहेब," मी म्हणालो. बात्सुखने डोळे मिटले.

साहेब मात्र हसले. "माझे आजोबा तर फटकाच मारायचे हो!" उजव्या हाताने कुपी घेऊन त्यांनी तपकीर ओढली, सणसणीत शिंक दिली आणि शिक्का मारायला सांगितले.

इथे आज डोळा तपासला, त्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण त्यांचा हात स्थिर वाटला. तुझा गुडघा कसा आहे? दूध काढायला शेजारीण येते ना?

परतताना साहेब त्यांच्या आजोबांची कुपी दाखवणार आहेत. तिच्यावरचे कोरीवकाम फार बारीक आहे म्हणे. तोवर मला ते दिसू लागावे.

तुझाच,
साम्बू